ललिता पवार : येवल्यापासून मंडी हाऊसपर्यंत

दिल्लीत वा तिच्या आसपासच्या नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव ह्या वसाहतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांस एक गोष्ट परिचयाची असेल. शेजारच्या पंजाबी किंवा उत्तर प्रदेशी बिऱ्हाडात सिनेमाच्या गप्पा निघाल्या आणि खाष्ट सासूचा उल्लेख झाला की ललिता पवार हे नाव आपोआप ओठांवर येते. त्या बाई मराठी होत्या, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या होत्या, असे आपण सांगितले म्हणजे पुष्कळांस नवल वाटते. उत्तरेकडेही पंवार आडनावाची घराणी आहेत, त्यामुळे आडनावावरून उलगडा होत नाही; आणि पडद्यावर तर त्या कधी बंगाली घरातल्या आत्याबाई असतात, कधी मुंबईच्या ख्रिस्ती घरमालकीण, तर कधी अयोध्येच्या राजवाड्यातली दासी. परप्रांतात राहून परभाषेत काम करणे म्हणजे काय, हे आम्हां मंडळींस कोणी समजावून सांगावयास नको. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत थोर देशभक्तांच्या आणि संतांच्या पंक्तीला एका नटीचे चरित्र बसवावे, असे आम्हांस वाटले.

ललिताबाईंचे मूळ नाव अंबिका लक्ष्मण सगुण. जन्म 18 एप्रिल 1916 चा. पैठणीच्या मागांसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्यात वडील लक्ष्मणराव रेशमी व सुती कापडाचा व्यापार करीत. अशा व्यापारी घरातली मुलगी त्या काळी चित्रपटात जाते, ह्या गोष्टीचा अर्थ ध्यानी घ्यायचा तर थोडे मागे गेले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीची भूमिका करावयास त्यांस स्त्री मिळाली नाही, साळुंके नावाच्या पुरुषाने ती केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, परंतु घरंदाज स्त्रियांसाठी हा मार्ग त्यामुळे राजमार्ग झाला असे नव्हे. पुढे पंधरा वर्षांनी, 1928 मध्ये, त्याच ‘राजा हरिश्चंद्र’ नावाच्या दुसऱ्या एका मूकपटात येवल्याची ही मुलगी बालनटी म्हणून उभी राहिली. पुण्यात नानासाहेब सरपोतदार यांची आर्यन फिल्म कंपनी तेव्हा मूकपट काढीत असे. त्या वातावरणात अंबिकेची ललिता झाली. पगार अठरा रुपये होता, असे सांगतात.

मूकपटाच्या त्या शाळेविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण पुढच्या सर्व कथेचे बीज त्यात आहे. मूकपटातल्या नटाला वाणी नव्हती. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून मोठ्याने सूचना देत असे, त्या चित्रित होत नसल्याने कोणाची हरकत नव्हती. संवादाच्या पाट्या निरनिराळ्या लिप्यांत पडद्यावर येत. पडद्यापुढे तबला-पेटी वाजत असे. नटाजवळ स्वतःचे असे एकच साधन असे, आणि ते म्हणजे चेहरा. डोळा किती उघडावा, भुवई केव्हा चढवावी, ओठ कोठे मुरडावा, हा सारा हिशेब बारा-चौदा वर्षांच्या मुलीने तेथे शिकून घेतला. रंगभूमीवरच्या नटांप्रमाणे आवाजाची फेक वा गाण्याची तान तिच्या मदतीस येणार नव्हती. पुढे 1931 साली बोलपट आला आणि मूकपटातले अनेक नामवंत नट-नटी मागे पडले. ललिताबाई मात्र तरल्या. त्यांनी 1932 मध्ये ‘कैलास’ ह्या मूकपटाच्या निर्मितीत भाग घेतला आणि त्यात तिहेरी भूमिका केली: नायिका, खलनायिका आणि आई. वय सोळा. पुढील साठ वर्षांत ज्या तीन प्रकारांत त्यांची सारी कारकीर्द सामावली, ते तीनही प्रकार त्यांनी एकाच चित्रपटात हाताळून पाहिले होते, ह्या योगायोगाची आम्हांस मोठी गंमत वाटते.

बोलपटांत नायिका म्हणून त्यांचे चांगले चालले होते. ‘हिम्मते मर्दां’ हा 1935 चा चित्रपट त्यातलाच. गाणी त्या स्वतः म्हणत. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी विवाह होऊन त्या ललिता पवार झाल्या. तो संसार टिकला नाही, पुढे अंबिका स्टुडिओचे निर्माते गुप्ता यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नाव मात्र पवार हेच राहिले. टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ कादंबरीवर बेतलेला ‘दुनिया क्या है’ हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला. विशी जेमतेम ओलांडलेल्या, येवल्यासारख्या गावातून आलेल्या एका बाईने रशियन कादंबरी निवडून तीवर पैसे लावावे, हे धाडस थोडेथोडके नव्हे. मराठीतही त्या भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये आणि मास्टर विनायकांच्या, खांडेकरांच्या कथेवरील ‘अमृत’मध्ये चमकल्या.

आणि मग 1942 साल उजाडले.

‘जंग-ए-आझादी’ नावाच्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगात सहनट भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारावयाची होती. पुढे ‘अलबेला’मुळे घरोघरी पोचलेले ते हेच मास्टर भगवान. थप्पड अंदाजापेक्षा फार जोरात बसली. डाव्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली, चेहऱ्याची डावी बाजू पक्षाघाताने लुळी पडली. औषधोपचार दीर्घकाळ चालले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला. भगवान यांच्यावर ह्या प्रकाराचे खापर फोडण्याची आमची इच्छा नाही. तो अपघात होता आणि कोणाचाही हात असा चुकू शकतो. पण ज्या बाईने वयाच्या बाराव्या वर्षापासून केवळ चेहऱ्याच्या बळावर भाकरी मिळवली, तिच्या हातचे हे एकमेव अवजारच सव्विसाव्या वर्षी मोडले, एवढे वाचकांनी मनाशी आणून पाहावे. सुताराचा रंधा मोडला तर दुसरा आणता येतो.

नायिकेच्या भूमिका संपल्या होत्या, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्या काळच्या चित्रपटसृष्टीत अशा नटीने घरी बसावे, फार तर मागच्या रांगेतली कामे करावी, अशीच रीत होती. ललिताबाईंनी तिसरीच वाट धरली.

प्रभातच्या ‘रामशास्त्री’त, म्हणजे 1944 मध्ये, त्यांनी आनंदीबाईंची भूमिका केली. पुण्याच्या शनिवारवाड्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि त्याचे प्रायश्चित्त रघुनाथरावांस ठणकावून सांगणारे रामशास्त्री प्रभुणे प्रत्येक मराठी घरात पूज्य झाले. गारद्यांना पाठवलेल्या पत्रातल्या ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही आख्यायिका आपण बालपणापासून ऐकत आलो. इतिहास म्हणून ती कितपत टिकते ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि एका स्त्रीच्या माथी सारे पातक मारून पुरुष मोकळे झाले अशीही शंका आमच्या मनात अनेकदा येऊन जाते. परंतु चित्रपटाने आख्यायिकाच घेतली होती. गजानन जागीरदारांच्या करारी रामशास्त्र्यांसमोर उभे राहावयास तेवढीच धारदार आनंदीबाई हवी होती. तो बारीक झालेला डावा डोळा येथे प्रथम कामास आला. त्यात संशय होता, मसलत होती, मत्सर होता. आणि ह्यांपैकी काहीही दाखवण्यासाठी बाईंना फारसे हलावे लागत नव्हते. मूकपटाच्या शाळेत जे शिकले होते तेच आता एका नव्या, वाकड्या साधनावर पुन्हा बसवावयाचे होते. व्यंग लपवण्याकडे पुष्कळांचा कल असता. ललिताबाईंनी ते कॅमेऱ्याच्या नेमके पुढे आणून ठेवले.

‘जय मल्हार’ (1947) आणि शांतारामबापूंची ‘अमर भूपाळी’ (1951) अशा मराठी चित्रपटांतून त्या दिसत राहिल्या, तरी आता हिंदीची हाक मोठी होती. ‘गृहस्थी’ (1948) आणि विशेषतः ‘दहेज’ (1950) ह्या चित्रपटांनी त्यांच्यावर सासूचा शिक्का कायमचा उमटवला. ‘दहेज’ही शांतारामबापूंचाच. हुंड्यापायी सुनेचा जीव नकोसा करणारी त्यातली सासू इतकी खरी वाटली की ‘ललिता पवार’ हे विशेषनाम राहिले नाही, ते सामान्यनाम झाले. महाराष्ट्रात आणि उत्तरेतही कजाग सासूला त्या नावाने ओळखण्याची रीत पडली. हुंडाबंदीच्या विधेयकावर येथे दिल्लीत संसदेच्या दोन्ही सभागृहांची पहिलीवहिली संयुक्त बैठक मे 1961 मध्ये भरली. त्याआधी दहा-अकरा वर्षे चित्रपटगृहांतून ललिताबाई ह्या प्रश्नाचे विद्रूप तोंड लोकांना दाखवीत होत्या. कायदा चित्रपटामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण समाजाला एखाद्या गोष्टीची चीड यावयास हवी असेल, तर कोणीतरी ती चीड स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते. नायिकेला टाळ्या मिळतात, नायकाला शिट्ट्या मिळतात, आणि सासूला शिव्या मिळतात. आमच्या मंडळांच्या गणेशोत्सवी नाटकांत दिग्दर्शकाची खरी कसोटी कोठे लागते, हे ज्यांनी तालमी पाहिल्या आहेत ते जाणतात: लाडक्या लेकीसाठी चार-चार नावे येतात, दुष्ट जावेसाठी कोणी पुढे होत नाही.

ह्या शिव्यांच्या धुरळ्यात त्यांची दुसरी बाजू पुष्कळांच्या नजरेआड गेली. वस्तुतः त्यांच्या उत्तम भूमिकांपैकी निम्म्याअधिक मायेच्या आहेत. ‘दाग’मध्ये (1952) त्या दारूच्या आहारी गेलेल्या मुलाची आई झाल्या, समोर दिलीपकुमार होते. ‘श्री 420’ (1955) मधली फूटपाथवर केळी विकणारी गंगामाई आम्हां स्थलांतरितांना विशेष जवळची वाटते. पदवी घेऊन मुंबईत आलेल्या, खिशात दमडी नसलेल्या तरुणाला त्या अफाट शहरात पहिली माया मिळते ती ह्या केळेवालीकडून. दिल्लीत प्रथम पाऊल ठेवले तेव्हा पहाडगंजच्या खोलीत किंवा करोलबागेच्या बरसातीत अशी कोणी गंगामाई ज्यांना भेटली, त्यांस ही भूमिका निराळी समजावून द्यावयास नको.

हृषिकेश मुखर्जींनी त्यांची पारख अचूक केली. ‘अनाडी’तली (1959) मिसेस डिसा ही त्यांची सर्वांत परिपूर्ण भूमिका, असे आमचे मत आहे. भोळ्या भाडेकरूवर दिवसभर ओरडावयाचे आणि त्याच्या जेवणाची काळजी मनातल्या मनात करावयाची, असा हा स्वभाव. तोंडी मुंबईच्या ख्रिस्ती वस्तीतली हिंदी, खांद्यांची एक विशिष्ट ठेवण, आणि तोच बारीक डोळा. पण आता त्यात संशयाऐवजी मिस्कील वात्सल्य दिसते. एकाच व्यंगातून दोन परस्परविरुद्ध भाव काढणे ही किमया आहे, आणि ‘दहेज’ व ‘अनाडी’ पाठोपाठ पाहिल्याखेरीज ती ध्यानात येत नाही. भेसळीच्या औषधाने मिसेस डिसाचा बळी जातो तेव्हा चित्रपटगृहातली जी माणसे रडत होती, त्यांपैकी अनेकांनी ह्याच बाईंना आदल्या वर्षी शिव्याशाप दिले असतील. ह्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मुखर्जींनी पुढे ‘मेमदीदी’ (1961) हा चित्रपट त्यांनाच मध्यभागी ठेवून काढला, आणि ‘आनंद’मध्ये (1971) इस्पितळातल्या कडक मेट्रनला पुन्हा डिसा हेच आडनाव दिले.

त्याच 1959 सालच्या बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’विषयी एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. अस्पृश्यतेवरचा हा चित्रपट बंगाली कुटुंबात घडतो. त्या कुटुंबातल्या स्त्रिया पाहा: सुजाता नूतन, म्हणजे शोभना समर्थांची कन्या, तिला वाढवणारी चारू म्हणजे आपल्या सुलोचनाबाई, चारूची मुलगी रमा म्हणजे सोलापूरच्या शशिकला, आणि जातपात घट्ट धरून बसलेल्या आत्याबाई म्हणजे ललिताबाई. बंगाली दिग्दर्शकाने बंगाली घर उभारले आणि त्याच्या चारही खांबांना मराठी स्त्रिया लावल्या! चित्तरंजन पार्कातल्या आमच्या बंगाली मित्रांस हे सांगितले की ते प्रथम मान्य करीत नाहीत. नंतर नावे मोजतात आणि हसतात.

विनोदाचेही अंग त्यांना होते. ‘जंगली’मध्ये (1961) घरात हसण्यावर बंदी घालणारी आई त्यांनी गंभीर चेहऱ्याने केली, म्हणूनच ती हास्यास्पद झाली. ‘प्रोफेसर’मधली (1962) सीतादेवी तर पुन्हा पुन्हा पाहावी अशी. भाच्यांवर करडी नजर ठेवणाऱ्या ह्या प्रौढेचे मन म्हाताऱ्या शिक्षकावर जडते. तो शिक्षक म्हणजे वेषांतर केलेला तरुण शम्मी कपूर. चित्रपट प्रहसनाचा आहे आणि प्रेक्षक खदाखदा हसतो. परंतु सीतादेवी जेव्हा नटूनथटून आरशापुढे जातात, तेव्हा ते हसू क्षणभर अडखळते. ऐन तारुण्यात जिच्या वाट्याची प्रणयदृश्ये संपली होती ती बाई पंचेचाळिशी उलटल्यावर पडद्यावर पुन्हा लाजते आहे, हे ठाऊक असणाऱ्याला ते दृश्य केवळ विनोदी वाटणे कठीण.

संगीत नाटक अकादमीने 1961 मध्ये चित्रपट-अभिनयासाठी त्यांना पुरस्कार दिला. त्याच वर्षी ‘संपूर्ण रामायण’ ह्या चित्रपटात त्या मंथरा झाल्या होत्या. पंचवीस वर्षांनी रामानंद सागर यांनी दूरदर्शनसाठी ‘रामायण’ मालिका हाती घेतली तेव्हा मंथरेसाठी पुन्हा त्यांच्याचकडे जावे लागले. मालिका 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी दाखवली जाऊ लागली. दिल्लीचे रस्ते त्या वेळेत कसे ओस पडत हे येथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. बाई सत्तरीच्या घरात होत्या. पाठीवर कुबड, हातात काठी, आणि तो डोळा. रामलीला मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या मंथरा पाहत आलेल्या ह्या शहराने एका मराठी बाईची मंथरा प्रमाण मानली. मंडी हाऊसच्या चौकातून जाताना आमच्या मनात येते की ललिताबाईंना सन्मान देणाऱ्या अकादमीचे रवींद्र भवन इकडे, त्यांची मंथरा घरोघरी पोचवणारे दूरदर्शन तिकडे, आणि जवळच कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन. तिन्ही इमारती पायी फिरून पाहण्याच्या अंतरात आहेत. तेथे वडापाव खावयास जाणाऱ्या आमच्या तरुण सभासदांनी कधी ही फेरी जरूर मारावी.

बालनटी म्हणून 1928 मध्ये सुरू झालेले काम नव्वदीच्या दशकापर्यंत चालले. हिंदी, मराठी, गुजराती मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या आसपास सांगितली जाते. त्यांपैकी अनेक चित्रपट साधारण होते, काही तर त्याहूनही साधारण. भूमिका तीच, चापाने बसवलेला पदर तोच, टोमणे तेच. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. चरितार्थाचा व्यवसाय म्हणून नटी काम करते तेव्हा दर भूमिका निवडून घेण्याची चैन तिला नसते. पण सामान्य चित्रपटातही त्या कधी आळसाने उभ्या राहिलेल्या दिसत नाहीत. आर्यन कंपनीतली अठरा रुपयांची मुलगी जशी चोख काम करी, तशीच ही बाई अखेरपर्यंत करीत राहिली.

अखेरचे दिवस पुण्याला औंध येथे गेले. कर्करोगाने गाठले होते. 24 फेब्रुवारी 1998 रोजी औंधच्या घरी त्यांचे निधन झाले, वय एक्याऐंशी. ज्या पुण्यात मूकपटाच्या कंपनीत त्यांनी चेहऱ्याला रंग लावला होता, आणि ज्या पुण्यात आनंदीबाई होऊन नव्याने उभ्या राहिल्या होत्या, तेथेच त्यांनी डोळे मिटले.

टाळेबंदीच्या दिवसांत, 28 मार्च 2020 पासून, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवण्यास आरंभ केला. घरात अडकून पडलेली आमच्या सभासदांची मुले आणि नातवंडे आजी-आजोबांच्या शेजारी बसून ते पाहत होती. मंथरा कैकेयीच्या कानाशी लागली तेव्हा त्या मुलांना तिचा मनस्वी राग आला, असे अनेक घरांतून आमच्या कानी आले. मग आजीने त्यांना सांगितले, की ही बाई आपल्या येवल्याची.